सव्वा मूठ गहू

हिलाल मिस्तरींनी पुढे केलेल्या खुर्चीकडे पाहुणीने नुसतं पाहिलं. हातातली छत्री तिने खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि स्वतः मात्र फरशीवर, गहू निवडणाऱ्या बायकांच्या शेजारी मांडी घालून बसली. मंगलाबाईंनी आपलं सूप चटकन मागे ओढलं.

"हात नका लावा बाई," त्या म्हणाल्या. "रोटना गहू शेतस ह्या."

सासूच्या तोंडून हे इतकं फटकन निघालं की हर्षदालाच ओशाळल्यासारखं झालं. ती घाईघाईने म्हणाली, "उद्या आमच्याकडे कानबाई देवी बसणार आहे. तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू घरच्यांशिवाय कुणी शिवत नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं."

"वाईट कशाला वाटेल? मी न विचारता बसले." पाहुणी थोडी सरकून बसली. साठीच्या पुढची, उन्हाने रापलेली, काठाची सुती साडी, कपाळावर लहानसं कुंकू. एकेक शब्द सुटा, स्वच्छ. शाळेत धडा वाचून दाखवावा तसं बोलणं. "मी फार लांबून आले आहे. हिलालरावांना भेटायला."

सुरतेतल्या गोडादऱ्याच्या त्या गल्लीत हिलाल मिस्तरींचं घर शोधायला कुणाला त्रास पडत नसे. तीस वर्षं त्यांनी आसपासच्या कारखान्यांतले बिघडलेले लूम दुरुस्त केले होते. पण त्यांना 'हिलालराव' अजून कुणी म्हटलं नव्हतं. ते खुर्चीच्या मागे उभे राहिले. स्वतः बसावं की नाही, ते त्यांना समजेना.

"लांबून म्हणजे कोठून?" त्यांनी विचारलं.

"मॉरिशसहून."

मंगलाबाईंनी सुनेकडे पाहिलं. "ते कोठे वनं? सचिन गावना तिकडे का?"

"नाही हो आई. समुद्रात आहे. वेगळा देश आहे तो," हर्षदा म्हणाली. शाळेच्या नकाशातला आफ्रिकेच्या बाजूचा एक ठिपका तिला आठवला. त्या ठिपक्यावरून कुणी उठून आपल्या गल्लीत येईल आणि मराठी बोलेल, हे तिला खरं वाटेना.

"माझं नाव मालती," पाहुणी म्हणाली. "मालती धुडकू."

मंगलाबाईंची जाऊ शोभा पदरात तोंड घालून हसली. खानदेशात धुडकू हे जुन्या म्हाताऱ्यांचं नाव. हे काय आडनाव झालं? मालतीबाईही हसल्या. असं हसणं त्यांच्या ओळखीचं असावं.

"पणजोबांचं नाव होतं ते. मुंबईच्या बंदरावरून उसाच्या मळ्यात कामाला गेले. तिकडे उतरल्यावर साहेबाने नाव विचारलं, यांनी सांगितलं, धुडकू. तेवढंच लिहिलं गेलं आणि पुढच्या सगळ्यांना तेच चिकटलं. आमच्याकडे बहुतेक मराठी घरांत पणजोबांचं पाळण्यातलं नाव आडनाव होऊन बसलं आहे."

त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद काढून हिलालच्या हाती दिला. इंग्रजी होतं. हर्षदाने पुढे होऊन वाचलं. नाव धुडकू, वय अठरा, जिल्हा खानदेश. गावाचं नाव इतकं मोडूनतोडून लिहिलेलं की तिने दोनदा उच्चारून पाहिलं. "तमस्गौन... तामसगव्हाण?"

"त्या एका शब्दासाठी मी तीन गावं फिरले," मालतीबाई म्हणाल्या. "तिसऱ्या गावात एक म्हातारे भेटले. खाली बघा, नातेवाईक म्हणून भावाचं नाव आहे. लक्ष्मण. ते म्हणाले, लक्ष्मणच्या वंशाचं आता गावात कुणी नाही, पण निंबाचा नातू सुरतेत आहे. हिलाल."

हिलाल मिस्तरी खुर्चीवर बसले.

"निंबा माझे आजोबा," ते सावकाश म्हणाले. "त्यांच्या बापाचं नाव लक्ष्मण, हे खरं. पण लक्ष्मणाला भाऊ होता, असं मी कधी ऐकलं नाही."

बाहेरच्या खोलीत बूट काढता काढता हिलालचा मुलगा भूपेंद्र हे सगळं ऐकत होता. पलसाण्याच्या एका मिलमध्ये तो रंगखात्यात होता. नखांच्या कडांना कायम निळसर झाक असे. तो आत आला. बाईंना हात जोडले आणि सुरती माणसासारखं सरळ विचारलं, "पण मासी, आ बधू कशासाठी? म्हणजे, इतकी दोडधाम करून मिळणार काय?"

"एक कार्ड. ज्यांचे आजे-पणजे इथे जन्मले, त्यांना तुमचं सरकार यंदापासून देतं आहे. मुंबईच्या कार्यालयात म्हणाले, तुमच्या कागदावरचं गाव आमच्या यादीत सापडत नाही. त्या घराण्यातल्या कुणी कोर्टाच्या कागदावर लिहून दिलं, की धुडकू आमचाच, तर विचार करू."

"ते कळलं. पण कार्ड घेऊन करणार काय?"

मालतीबाईंनी कागद परत घेऊन पिशवीत ठेवला. "मी तिकडे तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी बैठकीत, म्हणजे आमच्या वस्तीतल्या शाळेत, कंदिलाच्या उजेडात माझे वडील शिकवायचे, मग मी शाळेत शिकवू लागले. जो देश कधी पाहिला नव्हता, त्याची भाषा. यंदा पहिल्यांदा विमानातून उतरले. शिपायाने माझी साडी बघितली आणि भारतीयांच्या रांगेत उभं केलं. माझा नंबर आला. पासपोर्ट बघून त्याने मला उचलून परक्यांच्या रांगेत शेवटी नेऊन ठेवलं. त्याची चूक नव्हती. पण तेवढ्या पाच-दहा मिनिटांत त्या पहिल्या रांगेत मला इतकं बरं वाटलं होतं, की..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

*

हिलालचा धाकटा भाऊ भाईदास संध्याकाळी कामावरून थेट इकडेच आला. सचिन गावातल्या एका कारखान्यात तो पाळी बघायचा. गल्लीच्या तोंडाशीच त्याला कुणीतरी बातमी दिली होती, त्यामुळे दारातून आत येताना त्याने पाहुणीकडे धड पाहिलंही नाही. हिलालला त्याने मागच्या ओट्यावर बोलावलं. भूपेंद्रही मागोमाग गेला.

"भाऊ, तू लिही तर देल नही ना काही?"

"अजून नाही."

"देऊ बी नको." भाईदासने आवाज खाली आणला, पण शेजारच्या लूमच्या खडखडाटात तो पुन्हा वर चढला. "गावनी जमीन नाल्याकाठे पडेल शे. आते रस्ता जाई राहिना तिकडून. आज ही बाई कागद मागी राहिनी. सकाय तिना भाऊ-पुतण्या येतीन, वाटा मागतीन. तवय काय करशी?"

"ती बाई जमिनीचं बोललीच नाही," हिलाल म्हणाले.

"पहिले कोण बोलस? आणि लक्ष्मण नावना माणसं गावोगाव शेतस. बापाने कधी सांगितलं तुला धुडकूचं? आजाने? मी तर नाव बी ऐकेल नही."

भूपेंद्रने मान हलवली. "काकानी वात साची छे, बा. साबिती काय? एका नावाची? कोर्टात सही करायची म्हणजे रमत नाही, खेळ नाही."

दुपारपासून हिलाल बाईंच्या चेहऱ्यात कुणीतरी शोधत होते. आपला बाप, गेलेली बहीण, कुणीही. काहीच सापडलं नव्हतं. तरीही त्या उठून जाव्यात असं त्यांना वाटत नव्हतं. प्लेगच्या साली ते सगळे जण सुरत सोडून गावाकडे पळाले होते, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना वेशीबाहेरच्या शाळेत ठेवलं होतं. आठ दिवस कुणी जवळ आलं नाही. ज्या गावात नाळ पुरली, त्या गावच्या माणसांनी लांबून भाकरी ठेवून मागे सरकणं, हे हिलालना अजून पचलं नव्हतं. ते भाईदासला म्हणाले, "शाळेतले दिवस विसरलास का?"

"ते वेगळं. तो रोग व्हता."

दारात मंगलाबाई उभ्या होत्या. त्या बोलल्या ते भाईदासच्या बाजूने, आणि त्याचं हिलालना नवल वाटलं. "भाईदास काही चूक सांगी नही राहिना. माणूस चांगला ऱ्हावो नाहीतर वाईट, रोट मोजाना टाईमले घरमा परकं माणूस चालत नही. दिवा लागाना आगोदर बाईले कोठे तरी पोचाडा."

घरात पाऊल टाकल्यापासून मंगलाबाईंनी हिलालचं म्हणणं कधी मोडलं नव्हतं, आणि कानबाईच्या बाबतीत हिलालनी त्यांचं. ते उठले आणि आत जाऊन मालतीबाईंपुढे उभे राहिले. मालतीबाईंनीच पिशवी उचलली.

"मला ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "लूम बंद असते तर नसतं आलं, कारण मग तुम्ही हळू बोलला असता. भाईदासरावांना सांगा, जमिनीवर आमचा काही हक्क नाही, हे मी पहिल्या ओळीत लिहून देते. आणि तुम्हाला खात्री नसेल तर सही करू नका. खोट्या सहीवर मिळालेलं कार्ड मला नको आहे."

मागोमाग आत आलेला भाईदास भिंतीकडे बघत राहिला.

*

भूपेंद्रने स्कूटर काढली. स्टेशनजवळ एक बरं लॉज त्याला ठाऊक होतं. लिंबायतच्या गरनाळ्यातून जाताना वरून गाडी गेली आणि पुलाखालचा सगळा काळोख थरथरला. मालतीबाईंनी त्याचा खांदा घट्ट धरला.

"तुमचा जन्म इथलाच?" बाहेर पडल्यावर त्यांनी विचारलं.

"हो, सुरतचा. शाळा पण गुजराती."

"मग तुम्हाला कुणी विचारत नसेल, कुठले म्हणून."

भूपेंद्र हसला. "रोज विचारतात. मिलमध्ये शेठ विचारतो, भूपेंद्र, तारुं मूळ वतन कयुं? म्हणजे जन्मून, वाढून, इथेच लग्न करून पण वतन दुसरंच. आणि गावाला गेलो की पोरं ओरडतात, सुरतवाला आला." हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही असं सरळ सांगितलं नव्हतं.

"आम्हाला तिकडे सगळे मराठे म्हणतात," मालतीबाई मागून म्हणाल्या. "इथे आल्यावर कळलं, मराठे म्हणजे तुम्ही. मग आम्ही कोण?"

लॉजच्या टेबलामागच्या माणसाने साडी, कुंकू, पिशवी पाहून किल्ली काढली. मग पासपोर्ट पाहिला आणि किल्ली परत खिळ्याला अडकवली. "फॉरेनरने अमे नथी राखता. पोलीसनी झंझट. मोठ्या हॉटेलात जा."

मालतीबाईंनी पासपोर्ट परत घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सवय होती. ती सवय बघून भूपेंद्रच्या डोक्यात काय झालं, ते त्याला पुढेही नीट सांगता आलं नाही. मालकाच्या टेबलावर त्याने हात आपटला.

"फॉरेनर शेनी?" तो म्हणाला. "मारी फोई छे ए!"

शब्द तोंडातून गेल्यावर तो स्वतःच चपापला. साबिती कुठे होती? मघाशी त्यानेच तर विचारलं होतं. मालतीबाईंना गुजराती येत नव्हतं, पण तो शब्द काहीतरी आहे एवढं कळलं.

"फोई म्हणजे?"

"आत्या. आमच्याकडे घरात फुई म्हणतात." भूपेंद्रने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "चला. आईशी मी बोलतो. ओरडेल. ओरडू दे."

*

घरात दिवा लागला होता. आतल्या खोलीचं दार पुढे ओढून मंगलाबाई परातीसमोर बसल्या. निवडलेल्या गव्हाचं सूप उजवीकडे, परात पुढ्यात. दर वर्षी हे काम त्या एकट्या करत. यंदा त्यांनी हर्षदाला शेजारी बसवलं होतं, कारण पुढे तिलाच करायचं होतं.

"घरना एकेक पुरुषनं नाव घेवानं आणि त्याना नावनी सव्वा मूठ परातमा टाकानी," त्यांनी समजावलं. "तेवढाच गहू दळाना. त्यानाच रोट. नाव चुकलं नही पाहिजे."

हर्षदाने मान डोलावली. बाहेरच्या खोलीत हिलाल आणि भाईदास एकमेकांशी न बोलता बसले होते. शोभा चुलीवर गिलक्यांच्या भज्यांचं बघत होती.

"हिलालनी मूठ," मंगलाबाई म्हणाल्या. गहू परातीत पडले. त्यावर चिमूटभर वरचे. "भाईदासनी मूठ. भूपेंद्रनी मूठ. दीपकनी मूठ. गणेशनी मूठ." दीपक आणि गणेश भाईदासचे मुलगे. मग हर्षदाच्या पाळण्यातल्या लेकाचं नाव आलं आणि हर्षदाचा ऊर उगाच भरून आला. आता संपलं असं वाटून ती परात उचलायला वाकली.

"थांब." मंगलाबाईंनी जवळची जुन्या लुगड्याची चिंधी उचलली. त्यात सव्वा मूठ गहू घातले, गाठ मारली आणि पुरचुंडी सगळ्या गव्हांच्या वर ठेवली. "आणि ही शेवटली, धुडकूनी—"

त्यांचा हात तिथेच राहिला.

"आई?"

मंगलाबाईंनी उत्तर दिलं नाही. पुरचुंडीकडे बघत त्या पुन्हा म्हणाल्या, या वेळी अगदी हळू, जसा तो शब्द कुणी दुसऱ्याने उच्चारला आणि त्यांनी ऐकला. "धुडकूनी मूठ."

"हर्षदा, ती बाईनं आडनाव काय सांगं व्हतं?"

"धुडकू," हर्षदा म्हणाली.

मंगलाबाई उठल्या. दार त्यांनी इतक्या जोरात उघडलं की दोघे भाऊ एकदम उभे राहिले. "ती बाई कोठे गई? बोलावा तिले! भूपेंद्र कोठे शे?"

"काय व्हयनं?" हिलालनी विचारलं.

"मी अडतीस वरीसपासून हाई मूठ टाकी राहिनी," मंगलाबाई म्हणाल्या. "माले सासूने शिकाडं. सगळासनी मूठ झाई का धुडकूनी मूठ, चिंधीमा बांधीसन. धुडकं म्हणजे चिंधी. माले वाटे, चिंधीनी मूठ शे, म्हणीसन तसं म्हणतस. देवीनं काही व्हई. मी कव्हय विचारंच नही. सासूले तिनी सासूने शिकाडं व्हतं, निंबाबाबानी बायकोने. आणि तिले..." त्या थांबल्या.

"लक्ष्मणच्या बायकोने," हिलाल म्हणाले.

शेजारच्या कारखान्यातले लूम चालू होते, पण त्या खोलीत त्यांचा आवाज पोचत नसल्यासारखं झालं.

हिलालना ते दिसलं. तिचा धाकटा दीर घरातून जातो. भांडून गेला की उपासमारीने, ते आता कधीच कळणार नव्हतं. वर्षं जातात, निरोप येत नाही. बाहेर पुरुष त्याचं नाव घेणं सोडतात. लक्ष्मण सोडतो, लक्ष्मणचा मुलगा तर त्याला ओळखतही नाही. पण आत, श्रावणात, दार पुढे ओढून, त्याची वहिनी सगळ्यांच्या मागून त्याच्या नावाची मूठ टाकते. तो कुठेतरी जिवंत आहे, जेवायचा आहे, एवढंच तिचं म्हणणं. मरताना ती सुनेला तेवढं सांगून जाते. सून तिच्या सुनेला. माणूस कोण होता ते विसरलं जातं, तरी मूठ चुकत नाही.

"दरसाल?" त्यांनी विचारलं.

"दरसाल."

"दुष्काळातही?"

"सासू सांगे, दुष्काळना साले सगळासनी अर्धी मूठ व्हती. त्यानी बी अर्धी व्हती. पण व्हती."

भाईदास भिंतीला टेकला. वाईट माणूस नव्हता तो. आयुष्यभर थोडक्यात भागवलेलं असल्यामुळे आपल्या वाट्यातलं कुणी काढून नेईल ही भीती त्याला सोडत नसे, एवढंच. त्याने विचारलं, "वैनी, त्यानी मूठ मनी मूठना आगोदर का नंतर?"

"सगळासना नंतर. शेवटली."

भाईदासने मान खाली घातली. "आणि आम्ही त्याच्या घरच्या बाईला दिवा लागायच्या आत बाहेर काढलं," तो म्हणाला.

तेवढ्यात गल्लीत स्कूटर थांबली.

*

भूपेंद्र दारातच बोलायला लागला. "आई, तू काहीपण बोल, आ फोई आपल्याच घरात राहणार. लॉजवाला—" मग त्याने आईचा चेहरा पाहिला आणि पुढचं विसरला.

मंगलाबाई त्याच्या मागे उभ्या असलेल्या मालतीबाईंकडे गेल्या. उंबऱ्याच्या आत त्या, बाहेर मालतीबाई.

"बाई, एक विचारस. लगीन व्हयनं का तुमनं?"

मालतीबाई गोंधळल्या. "नाही. राहून गेलं. आईवडिलांचं केलं, मग शाळा..."

"मग तुमनं कुळ बदलनं नही," मंगलाबाई म्हणाल्या. "तुम्ही आजून आमनी घरनीच आंडेर शेतस." आंडेर म्हणजे लेक, हे मालतीबाईंना ठाऊक नव्हतं, पण मंगलाबाईंनी त्यांचा हात धरला होता आणि त्यांना उंबरा ओलांडून आत, थेट आतल्या खोलीत, परातीपर्यंत नेलं.

सांगायचं काम हर्षदावर आलं. तिने ते जमेल तसं सांगितलं, मध्येच रडली, परत सुरुवातीपासून सांगितलं. मालतीबाई मान थोडी वाकडी करून ऐकत होत्या. पुरचुंडी मंगलाबाईंनी त्यांच्या ओंजळीत ठेवली.

"आधीची काही पोरं वाचली नाहीत," हिलाल दारातून म्हणाले, "की नंतरच्या पोराला फाटक्या धुडक्यात गुंडाळायचे आणि नावही तेच ठेवायचे. म्हणजे मरणाला वाटावं, ही तर चिंधी आहे, हिला कशाला न्या. पोर जगावं म्हणून ठेवलेलं नाव आहे ते."

"जगावं म्हणून," मालतीबाई म्हणाल्या.

तीस वर्षं त्यांनी मुलांना शब्दांचे अर्थ सांगितले होते. स्वतःच्या नावाचा अर्थ तिकडे कुणालाच सांगता येत नव्हता. कोकणातून गेलेल्या म्हाताऱ्यांनाही नाही. शाळेत मुलं त्या नावाला हसायची. त्यांनी पुरचुंडी कपाळाला लावली आणि तशाच बसल्या. भूपेंद्रला वाटलं, फुई रडत आहेत. पण त्यांनी मान वर केली तेव्हा डोळे कोरडे आणि मोठे झालेले होते.

"आमच्याकडे सगळ्यांना वाटायचं, पणजोबांना इथे विसरले," त्या म्हणाल्या. "माझे वडील म्हणायचे, आपली कुणी वाट पाहिली नाही, म्हणून आपणही पाहू नये."

"तुझ्या वडिलांना ठाऊक नव्हतं," हिलाल म्हणाले. 'तुझ्या' कधी झालं, ते त्यांच्याही ध्यानात आलं नाही. "आम्हालाही नव्हतं, ताई. सोमवारी आम्ही दोघे भाऊ कोर्टात येतो. जिथे सांगशील तिथे सही करतो."

"आणि ती जमिनीनी ओळ..." भाईदास मध्येच म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. "ती नका लिहू. बहिणीकडून असं लिहून घेत नाहीत."

मालतीबाईंनी नुसते हात जोडले.

मंगलाबाई पुन्हा परातीपुढे बसल्या. मालतीबाईंच्या हातातली पुरचुंडी त्यांनी घेतली, गाठ सोडली आणि गहू इतरांच्या गव्हात मिसळले. मग रिकामी चिंधी मांडीवर ठेवून मालतीबाईंकडे पाहिलं.

"आते तिकडला पुरुष सांग. धुडकूना वंशना. सगळा."

"सगळे?" मालतीबाई म्हणाल्या. "मंगलावहिनी, चार पिढ्या झाल्या. खूप आहेत."

"तू सांग ना. मूठ माणूसनी ऱ्हास. माणूस शे तर मूठ टाकनीच पडी."

मालतीबाईंनी डोळे मिटले. वर्गातली हजेरी पाठ म्हणावी तसं पहिलं नाव आलं. "पुतण्या, देवदत्त."

"देवदत्तनी मूठ."

"त्याचा भाऊ सोमदत्त. सोमदत्तचा मुलगा विक्रांत."

"सोमदत्तनी मूठ. विक्रांतनी मूठ."

भूपेंद्र आणि हर्षदा दाराशी टेकून ऐकत होते. ज्यांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, जे या घडीला समुद्रापलीकडे आपापल्या घरी असतील आणि ज्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, अशी माणसं एकामागून एक गोडादऱ्याच्या त्या खोलीत येऊन परातीत बसत होती. चुलत्यांची मुलं आली. त्यांची मुलं आली. एका नावापाशी मालतीबाई अडखळल्या.

"जाँ-लुक," त्या म्हणाल्या, आणि घाईने पुढे, "माझ्या चुलतभावाचा नातू. त्याची आई ख्रिस्ती आहे. तुम्हाला चालणार नसेल तर..."

मंगलाबाईंनी विचार केला. फार वेळ नाही. "बाप धुडकूना वंशना शे ना?"

"हो."

"जालुकनी मूठ," मंगलाबाई म्हणाल्या. पहिल्या झटक्यात नाव नीट आलं नाही असं वाटून त्यांनी ते पुन्हा एकदा उच्चारलं आणि मग गहू सोडले.

हिलाल भिंतीशी हात जोडून उभे होते. देवासमोर जोडतात तसे हात. परात भरत आली होती आणि सूप रिकामं होत चाललं होतं. मंगलाबाईंची बोटं तळाला लागली. त्यांनी सूप तिरकं करून उरलेले दाणे एका कोपऱ्यात आणले. अर्धी मूठही भरेना.

"गहू सरना," शोभा हळूच म्हणाली.

मालतीबाई लगेच थांबल्या. "राहू दे वहिनी. इतकं झालं, हेच..."

भाईदास दाराबाहेर चपला शोधत होता. "मना घरमा निवडेल गहू शेतस," तो ओरडून म्हणाला. "पोतंच लई येस. आजून कितला ऱ्हायनात, ताई?"

"मी अजून धाकट्या घराकडे आलेच नाही," मालतीबाई म्हणाल्या. एवढा वेळ कोरडे राहिलेले डोळे आता भरून वाहू लागले, आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

भाईदास पळतच गल्लीत गेला. भूपेंद्र त्याच्यामागे. मंगलाबाईंनी रिकामं सूप बाजूला सारलं आणि उघडा तळवा परातीवर तसाच धरून ठेवला.

"थांबू नको माय," त्या म्हणाल्या. "तू नावं सांगत ऱ्हाय. गहू यी राहिनात."